७० हजारात गेमिंग पीसी करायचाय, प्रोसेसर कोणता घेऊ? दुकानदार आय सेव्हनच घे म्हणतोय

जुळे_सोलापूरकर

नमस्कार सगळ्यांना. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथं सोलापुरातच. बाबा पीसीला पैसे द्यायला तयार झालेत, सगळं धरून ७० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. मॉनिटर घ्यायचा नाहीये, दादाचा २४ इंची १०८०पी १६५ हर्ट्झवाला आहे तोच वापरणार, कीबोर्ड माउस पण आहे. खेळायचं म्हणजे मेन व्हॅलोरंट आणि सीएस२, रोज रात्री मित्रांसोबत, आणि अधूनमधून जीटीए ५, सायबरपंक असले स्टोरीवाले गेम. अभ्यासाला ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लागतं.

परवा नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर ते काका म्हणले गेमिंग करायचंय ना मग आय सेव्हनच घे, १४ वी जनरेशन, आय फाइव्ह घेशील तर दोन वर्षात परत येशील. पण त्यांनी जे कोटेशन काढून दिलं त्यात प्रोसेसर आणि बोर्डातच निम्म्याहून जास्त पैसे चाललेत, ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं कुठलंतरी जुनं लावलंय आणि रॅम ८ ची एकच स्टिक. यूट्यूबवर बघावं तर कोण रायझन ५ ७६०० म्हणतंय, कोण इंटेलचा १२४००एफ, एकजण म्हणतो रायझनचाच ५६०० अजून पण बेस्ट आहे. काहीच ठरवता येईना. कोणता घेऊ आणि का ते जरा नीट समजावून सांगा, कारण बाबांना पण मलाच समजवायचंय.

पार्कचौक_ते_पुणे

भावा पहिलं ते कोटेशन बाजूला ठेव. ७० हजारात १४ व्या जनरेशनचा आय सेव्हन बसवायचा म्हणजे बाकी सगळीकडं हात आखडायला लागतो, आणि गेममध्ये चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं असतं, तिथंच तू पैसे कापलेस तर सायबरपंक लो सेटिंगवर पण धापा टाकेल.

प्रोसेसर गेममध्ये काय करतो ते आधी समजून घे म्हणजे बाबांना सांगायला सोपं जाईल. शत्रू कुठं आहे, गोळी कुठं लागली, गाडी कशाला धडकली, सर्व्हरकडून काय आलं हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि मग ग्राफिक्स कार्डाला सांगतो की आता ही फ्रेम काढ. दोघांपैकी जो हळू तो तुझा एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसणार, ते ठरवतो. व्हॅलोरंट, सीएस२ मध्ये चित्र हलकं असतं म्हणून तिथं प्रोसेसर आधी थकतो, सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड, सावल्या) लावलं की कार्ड आधी थकतं. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर तुला सेकंदाला १६५ फ्रेम दिसणार, एवढ्या फ्रेम आजचा कुठलाही चांगला सहा कोरवाला (कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक काम करणारा भाग) व्हॅलोरंटमध्ये आरामात देतो, १२४००एफ तर २०० च्या वर जातो. मग आय सेव्हनचे जादाचे कोर घेऊन करणार काय? ते रेंडरिंगला, व्हिडिओ एडिटिंगला कामाला येतात. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट मॉडेलिंग बहुतेक एकाच कोरवर चालतं, तिथं पण आठ बारा कोरचा फारसा उपयोग नाही.

आणि अजून एक, नुसतं आय सेव्हन या नावाला काही अर्थ नसतो. हे नाव २००८ पासून चालू आहे. ऑनलाइन २०-२२ हजारात आय सेव्हन गेमिंग पीसी म्हणून रंगीत लाइट लावलेले डबे विकतात, आत ४७७० निघतो जो २०१३ चा आहे. विंडोज ११ ला इंटेलची ८ वी जनरेशन किंवा पुढची लागते, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही बोर्डातली दोन्ही सुरक्षेची फीचर चालू पायजेत. तसला डबा घेतलास तर पहिल्याच दिवशी अडकशील.

माझं मत सरळ आहे, रायझन ५ ७६०० घे. सहा कोर बारा थ्रेड, ६५ वॅट, बूस्ट ५.१ गिगाहर्ट्झ, कूलर डब्यातच येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एएम५ सॉकेट, सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. २०२२ ला आलंय आणि २०२७ च्या पुढंपर्यंत चालवणार असं कंपनीनं सांगितलंय, म्हणजे नोकरी लागल्यावर नुसता प्रोसेसर काढून त्याच बोर्डावर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी टाकता येईल. त्यांच्यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) असते, ७६०० ला ३२ आहे, आणि सीएस२ सारख्या गेमला या कॅशचा लई फायदा होतो.

हिप्परगा_गेमर

७६०० चांगला आहे मान्य, पण दादा डीडीआर५ रॅमचा भाव बघितला का सध्या? २०२५ च्या शेवटापासून रॅम वर चढलीय ती चढलीच, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा सगळा माल ओढून घेतलाय. एएम५ वर डीडीआर५ शिवाय दुसरं काही बसतच नाही. आधी जो हिशोब होता की थोडे जास्त घालून एएम५ घ्यावं तो आता तसाच्या तसा लागू होत नाही. डीडीआर४ पण महागलीय पण जुनी वापरलेली मिळते कुणाकुणाकडं.

मी ५६०० म्हणेन. २०२२ चा आहे, झेन ३, सहा कोर, ३२ एमबी कॅश, कूलर सोबत. फक्त ५५०० किंवा ५६००जी कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नको, नावं सारखी दिसतात पण त्या दोघांत कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आणि पीसीआय ३.० आहे, म्हणजे कार्डाला जोडणारा रस्ता जुना, हळू. बोर्ड पण बी५५० च घे, ए५२० वर कार्डाला पीसीआय ३.० च मिळतं आणि आरटीएक्स ४०६० नाहीतर ५०६० ला आठच लेन असतात, त्यामुळं जिथं ८ जीबी मेमरी कमी पडते तिथं गेम जास्त अडखळतो. हे दुकानात कोण सांगत नाही.

जुळे_सोलापूरकर

दोघांचे आभार, आता जरा कळायला लागलंय. रॅमचं बोललात म्हणून आठवलं, बाबांच्या ऑफिसमधले जुने पीसी काढले तेव्हा त्यातल्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक बाबांनी रीतसर विकत घेऊन घरी आणल्यात, कपाटात तशाच पडून आहेत. त्या चालतील का? चालल्या तर रॅमचे पैसे वाचतील ना?

रिपेरी_अशोकचौक

आधी हे सांगायला पायजे होतं की रे, यानं सगळा हिशोबच बदलतो.

मी गेली बरीच वर्षं अशोक चौकाच्या बाजूला पीसी रिपेरिंग करतो, विक्री करत नाही म्हणून कुठल्या कंपनीचा माल खपवायचा माझा काही संबंध नाही. माझ्याकडं येतात त्या मशीन बघून सांगतो.

पहिलं त्या स्टिक हातात घेऊन बघ. लांब असतील तर डेस्कटॉपच्या, बोटाएवढ्या आखूड असतील तर लॅपटॉपच्या किंवा छोट्या डब्यांच्या, त्या तुला बसणार नाहीत. मग स्टिकर वाच. पीसी४ च्या पुढं २५६०० लिहिलं असेल तर ती ३२०० ची रॅम, २१३०० असेल तर २६६६ ची. दोन्ही स्टिकवर एकच आकडा आहे का बघ. हे सांगतोय कारण रायझनच्या आतला जो जोडणारा रस्ता असतो, इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात, तो रॅमच्या स्पीडबरोबर पळतो, रॅम हळू तर प्रोसेसरच्या आतला तो रस्ता पण हळू. म्हणजे ३२०० असेल तर ५६०० बिनधास्त, २६६६ असेल तर मी १२४०० कडं जाईन.

दोन स्टिक आहेत हे फार चांगलं आहे. लोक १६ ची एकच घेतात, मग दोन चॅनेलपैकी एकच चालतं आणि सीएस२ मध्ये ॲव्हरेज एफपीएस चांगला दिसतो पण मधेच झटके बसतात, स्मोक फुटला की गेम थांबल्यासारखा होतो. प्रोसेसरला शिव्या घालत माझ्याकडं येतात, आत बघितलं की एक स्लॉट रिकामा. लावताना प्रोसेसरच्या बाजूनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव, दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही.

आता १२४०० का ते सांगतो, आणि एफ नसलेला १२४००, हे नीट ऐक. एफवाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं. ५६०० मध्ये पण नाही. म्हणजे ज्या दिवशी ग्राफिक्स कार्ड बिघडलं त्या दिवशी स्क्रीन काळी. सोलापुरात बहुतेक कार्डांचं वॉरंटीचं काम होत नाही, पुण्याला नाहीतर मुंबईला पाठवावं लागतं, जाऊन यायला दोन तीन आठवडे सहज जातात. तुझं सबमिशन त्याच आठवड्यात असलं तर सॉलिडवर्क्स कशावर उघडणार? साध्या १२४०० मध्ये यूएचडी ७३० आहे, गेम खेळता येणार नाही पण ड्रॉइंग, रिपोर्ट, विंडोज सगळं चालतं. फरक थोड्या पैशांचा असतो. गेमिंगवाल्या व्हिडिओत सगळे एफ घ्या म्हणतात कारण त्यांच्याकडं कपाटात दुसरं कार्ड असतं. विद्यार्थ्याकडं नसतं. कार्ड बिघडलं की नुसतं चेक करायला पण आतलं ग्राफिक्स कामाला येतं, बिघाड कार्डात आहे का बोर्डात ते पाच मिनिटात कळतं.

७६०० मध्ये पण छोटं ग्राफिक्स आहे, त्या बाबतीत तो पण चांगला. पण तुझ्या घरात रॅम असताना डीडीआर५ ला पैसे घालणं मला पटत नाही. ते पैसे कार्डात आणि एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) जाऊ देत.

पार्कचौक_ते_पुणे

रॅम घरात आहे म्हणल्यावर मी पण माझा आग्रह थोडा सैल करतो. तरी १२४०० ज्यावर बसतो ते एलजीए१७०० चं सॉकेट १४ व्या जनरेशनला संपलं हे त्याला माहीत असू दे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून इंटेल एलजीए१८५१ वर गेली. म्हणजे पुढं अपग्रेड करायचं तर १३, १४ व्या जनरेशनपर्यंतच, नंतर बोर्ड बदल, रॅम बदल.

आणि त्या १३, १४ वाल्यांची भानगड पण सांगून ठेवा त्याला.

रिपेरी_अशोकचौक

हो बरोबर, ते राहिलंच. १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या ताकदवाल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जायचं आणि हळूहळू चिप खराब व्हायची, गेम उघडताना बंद पडायचा, शेडर तयार होताना एरर यायचा. इंटेलनं ते मान्य केलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणि नंतर सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि डबाबंद पीसची वॉरंटी दोन वर्षं वाढवून पाच केली. १२ व्या जनरेशनला हा प्रॉब्लेम नाही. पुढं कधी १४ वाला टाकलास तर आधी बायोस अपडेट कर, मग प्रोसेसर बसव. जुना वापरलेला १३ वा १४ वा आय सेव्हन, आय नाइन कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नको, आधीच्यानं दुरुस्ती टाकायच्या आधी किती वापरलाय ते बाहेरून कळत नाही आणि झालेलं नुकसान अपडेटनं भरून येत नाही.

फ्रेमवाली

मी व्हिडिओ एडिटिंग करते आणि रात्री व्हॅलोरंट खेळते, १२४०० च वापरते म्हणून लिहितेय. साध्या १२४०० चा अजून एक फायदा, त्यातलं क्विक सिंक, म्हणजे आतल्या ग्राफिक्समधला व्हिडिओ झटपट उलगडणारा भाग. मोबाइलवर शूट केलेले क्लिप प्रीमियरमध्ये टाकले की टाइमलाइन अडकत नाही. तुला कॉलेजच्या प्रोजेक्टचे व्हिडिओ वगैरे करायचे असतील तर कामाला येईल.

पण माझा मुद्दा उन्हाळ्याचा आहे. आपल्याकडं एप्रिल मे मध्ये ४२-४३ सहज जातं आणि वरच्या मजल्यावर पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली खोली असली तर रात्री अकराला पण भिंत गरम लागते. यूट्यूबवाले एसीत बसून टेंपरेचर दाखवतात ते आपल्याला लागू नाही. खोली जेवढी जास्त गरम साधारण तेवढंच चिपचं टेंपरेचर पण वर सरकतं. ७६०० तर ९५ डिग्रीपर्यंत जाऊ शकतो असाच बनवलाय, तो आकडा बघून घाबरायचं नसतं, पण डब्यातला छोटा कूलर मे महिन्यात फुल स्पीडला ओरडत राहतो आणि हेडफोन नसला की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. १२४०० डब्यातल्या कूलरवर गेमिंगला पुरतो, कारण गेममध्ये तो ११७ वॅटच्या त्याच्या कमाल आकड्याच्या बराच खाली चालतो. तरी एक साधा टॉवर एअर कूलर घेतलास तर उन्हाळा निवांत जाईल. पाण्याचा कूलर सहा कोरला अजिबात नको, तेच पैसे कार्डात घाल.

कॅबिनेट पण पुढं काच असलेलं नको, जाळीचंच घे. काचेचं दिसायला भारी असतं पण हवा आत जायला जागाच नसते.

रिपेरी_अशोकचौक

ताईंचं अगदी बरोबर. त्यात पूर्व भागात राहणाऱ्यांनी अजून जपावं. जवळपास लूम (यंत्रमाग) असली की हवेत सुताचा बारीक धुरळा असतो. परवाच एक मशीन आली, पोरगं म्हणलं गेम खेळताना दहा मिनिटात एफपीएस निम्मा होतो, प्रोसेसर बदलायचा का. कूलरचा पंखा काढला तर खाली पाकळ्यांवर गादीसारखा पांढरा थर, नखानं अख्खा सोलून निघाला, खालच्या फटी दिसतच नव्हत्या. साफ केला, पेस्ट नवीन लावली, त्याच प्रोसेसरवर सगळं नीट. जाळीला फिल्टर असलेलंच कॅबिनेट घे आणि दोन महिन्यातून एकदा फिल्टर धू. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, मोकळं फिरू देऊ नको, बेअरिंग जातं.

एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो लावू नको. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी लोक लावतात. ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ, चांगल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा घे. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट येते जाते, व्होल्टेज खालीवर होतं, हलका एसएमपीएस जाताना बोर्ड पण घेऊन जातो. यूपीएस ६०० व्हीएचा असला तर तो साधारण ३६० वॅटच देतो, गेम चालू असताना बॅटरीवर गेला की दोन मिनिटं पण धरेल का सांगता येत नाही. १००० च्या पुढचा बघ, बजेट नसेल तर तो सहा महिन्यांनी घे पण एसएमपीएसमध्ये तडजोड नको.

जुळे_सोलापूरकर

स्टिक काढून बघितल्या. लांबच आहेत, दोन्हीवर एकच कंपनी आणि पीसी४-२१३०० लिहिलंय. म्हणजे २६६६ ची ना? मग १२४०० फिक्स करू का? आणि कार्ड आरटीएक्स ५०६० घ्यावं असं वाटतंय. बाबा म्हणतात मामांकडं हैदराबादला जाणारच आहोत तर तिथूनच घेऊ, तिकडं सिकंदराबादच्या सीटीसीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मार्केटमध्ये, स्वस्त मिळतं म्हणे. घेऊ का तिकडून का इथूनच?

हिप्परगा_गेमर

२६६६ असेल तर मी पण १२४०० ला हो म्हणतो. ५६०० वर ती रॅम हातानं २९३३ वगैरे करून बघता येते पण ऑफिसच्या स्टिक त्या, चालतील का नाही याची खात्री नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर ब्ल्यू स्क्रीन येत बसला तर अवघड.

सीटीसीत भाव चांगला मिळतो, आमच्या गल्लीतली बरीच पोरं तिकडूनच आणतात, तेलुगू येत असेल तर अजून बरं. पण सगळं तिकडून आणू नको. कार्ड आणि प्रोसेसर तिकडून आण, बोर्ड आणि एसएमपीएस इथंच घे, कारण जास्त करून बोर्डाचंच काहीतरी निघतं आणि त्यासाठी हैदराबादला परत कोण जाणार. जीएसटीचं पक्कं बिल घे, १८ टक्के धरूनच भाव विचार, बिलाशिवाय कमी करतो म्हणाले तरी नको.

रिपेरी_अशोकचौक

हो, १२४०० फिक्स कर. ५०६० पण ठीक आहे, १०८०पी ला ८ जीबी चालून जाईल, सायबरपंकमध्ये टेक्सचर एक पायरी खाली ठेव.

प्रोसेसर डबाबंदच घे. ट्रे पीस म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात देतात तो थोडा स्वस्त असतो पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते, दुकानदार देईल तेवढीच. डब्यावरचा सीरियल नंबर बिलावर लिहून घे. बोर्ड घेताना दुकानातच सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण उघडायला सांग आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिना बघ, सगळ्या ओळी एकसारख्या चमकल्या पायजेत, एखादी जागा वेगळी दिसली तर तो बोर्ड परत दे. पिन वाकलेली निघाली तर वॉरंटीत कोण घेत नाही आणि घरी आल्यावर वाकली का आधीच होती हे सिद्ध करता येत नाही.

बोर्ड बी७६० घे, एच६१० पण चालेल पण पुढं १४ वा टाकायचा विचार असेल तर बी७६० बरा, त्याची पॉवरची बाजू भक्कम असते. आणि एक गोष्ट नीट बघ. बी७६० बोर्ड दोन प्रकारचा येतो, एक डीडीआर४ वाला आणि एक डीडीआर५ वाला, कधीकधी मॉडेलचं नाव सेम असतं आणि शेवटी फक्त डी४ एवढंच लिहिलेलं असतं. डब्यावर डीडीआर४ छापलेलं स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नको. डीडीआर५ वाला आला तर तुझ्या त्या स्टिक बसणारच नाहीत, दोघांची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाशील तर स्लॉट फुटेल.